दळण टाकण्याआधी डबा पाहावा

मंडळी, मी कवितेचा माणूस. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यात राहून शब्दांची जुळवाजुळव करत आलो. संगणकावर बोलायला मला कोणी बोलावील, असं कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या हंगामात एका मिरचीच्या पथारीवर जे पाहिलं, त्यानं मला चार गोष्टी शिकवल्या. त्याच आज सांगतो.

पथारी म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या लोकांना सांगायला हवं. नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या हंगामात व्यापारी मोकळ्या जागेवर ओली लाल मिरची वाळत घालतात. त्या जागेला पथारी म्हणतात. लांबून पाहिलं तर जमिनीवर लाल चादर अंथरल्यासारखी दिसते. जवळ गेलात की पहिली शिंक येते. तिथं बाया बसून मिरचीचे देठ काढतात. मजुरी किलोवर. सकाळचं वजन आणि संध्याकाळचं वजन वहीत मांडायचं, बेरीज करायची आणि दरानं गुणायचं. एवढाच हिशेब.

माझी धाकटी लेक संगणकाचं शिक्षण घेते. ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं तिला सांगितलं, "बेटी, आमच्या मुनीमजींच्या मोबाइलवर हा हिशेब आपोआप होईल असं काही करून दे." तिनं दोन रात्री जागून जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत एक पान तयार केलं. आपण मोबाइलवर जी संकेतस्थळं उघडतो, त्यांच्या पानांना हालचाल आणि अक्कल देणारी ही भाषा आहे.

पहिल्या दिवशी एका बाईचं सकाळचं वजन १२ किलो आणि संध्याकाळचं ८ किलो होतं. दर समजा १० रुपये. मजुरी व्हायला हवी २०० रुपये. पानानं दाखवली १२८० रुपये. मुनीमजी हसले, बाया हसल्या, माझी लेक कावरीबावरी झाली. बारा आणि आठ मिळून वीस होतात. यंत्रानं केले एकशे अठ्ठावीस!

घरी आल्यावर तिनं मला कारण समजावलं. "अब्बा, मोबाइलच्या चौकटीत जे लिहितो ते यंत्राला आकडा म्हणून मिळत नाही, मजकूर म्हणून मिळतं. आणि या भाषेत अधिकच्या चिन्हाचे दोन अर्थ आहेत. दोन्हीकडं संख्या असली तर बेरीज. एकीकडं जरी मजकूर असला तरी दोघांना शेजारी चिकटवायचं. म्हणून बाराला आठ चिकटले आणि १२८ झाले." मी विचारलं, "मग पुढं दहानं गुणलं ते बरोबर कसं?" ती म्हणाली, "गुणाकाराच्या चिन्हाला चिकटवणं माहीतच नाही. त्यामुळं तिथं भाषा मजकुराचा गुपचूप आकडा करून घेते." म्हणजे एकाच ओळीत तीच वस्तू अर्ध्या वाटेपर्यंत अक्षरं होती आणि पुढं संख्या झाली, आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

हे नीट समजण्यासाठी गावातली पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. प्रोग्राममध्ये फंक्शन नावाचे छोटे छोटे भाग असतात. फंक्शन म्हणजे गिरणी. त्यात जे टाकायचं त्याला आर्ग्युमेंट म्हणतात, ते आपलं दळण. आणि बाहेर पडतं ते उत्तर, म्हणजे पीठ. आता गिरणीवाला काय करतो? डबा हातात घेतला की झाकण उघडून पाहतो. ज्वारी आहे, गहू आहे की डाळ आहे. कोणी चुकून मिरची आणली तर म्हणतो, "बाई, हे इथं चालणार नाही, तिखटाच्या चक्कीवर न्या." कारण मिरची एकदा त्या जात्यातून गेली की पुढच्या चार घरांच्या भाकरी तिखट होतात. जावास्क्रिप्टची गिरणी मात्र झाकण उघडत नाही. जे येईल ते दळते. तीन डबे हवे असताना दोनच आणले तरी ती काही बोलत नाही आणि चार आणले तरी नाही.

ही भाषा अशी का? तिचा जन्मच तसा आहे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या कंपनीत असताना तिचा पहिला नमुना मे महिन्यातल्या दहा दिवसांत तयार केला. ती मोठमोठ्या हिशेबांसाठी नव्हती. हौशी माणसाला आपल्या पानावर थोडी जादू करता यावी, एवढाच हेतू होता. अशा माणसाला पावलोपावली अडवायचं नाही, चुकलं तर सांभाळून घ्यायचं, असा तिचा स्वभाव ठेवला गेला. पुढं तीच भाषा जगभर पसरली. बँकेची पानं, तिकिटांची पानं, सरकारी अर्ज सगळे तिच्यावर चालू लागले. गंमतीसाठी केलेल्या गोष्टीच्या गळ्यात संसार पडला, पण स्वभाव तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी लेकीनं दुरुस्ती केली. बेरजेआधी प्रत्येक मजकुराचा जबरदस्तीनं आकडा करून घ्यायचा. बारा आणि आठ आता वीस झाले. सगळे खूश. ती पुन्हा अभ्यासाला बसली आणि तीन दिवसांनी खरी गडबड झाली.

त्या दिवशी सकाळी मोबाइलची बॅटरी संपली म्हणून मुनीमजींनी काही बायांची वजनं कागदावर लिहून ठेवली. संध्याकाळची तेवढी मोबाइलमध्ये भरली. सकाळची चौकट रिकामीच राहिली. पानानं काही विचारलं नाही. मजुरी वाटली गेली. एका बाईनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. माझी लेक तिथंच उभी होती. तिच्याकडं पाहून ती बाई अहिराणीत म्हणाली, "ताई, मनी सकायनी मिरची कोठे गयी?"

सकाळची मिरची गेली होती शून्यात. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुराचा आकडा करा म्हटलं की उत्तर येतं शून्य. 'लिहिलंच नाही' आणि 'काम केलंच नाही' या दोन गोष्टी भाषेनं एक करून टाकल्या. एकशे अठ्ठावीसची चूक मोठ्यानं ओरडली, म्हणून पाच मिनिटांत सापडली. शून्याची चूक कुजबुजलीसुद्धा नाही. त्या बाईनं नोटा मोजल्या नसत्या तर ती कधीच सापडली नसती. आणि तिच्या शेजारच्या दोघी बाया, ज्यांना मोजता येत नव्हतं, त्यांच्याही चौकटी रिकाम्याच होत्या.

कागद शोधून तिघींचे पैसे त्याच संध्याकाळी दिले गेले. पण माझी लेक त्या रात्री जेवली नाही. "अब्बा, पैसे मी खाल्ले नाहीत, पण माझ्या ओळीनं खाल्ले," असं म्हणाली. मी म्हटलं, "मग आता त्या ओळीला झाकण उघडून पाहायला शिकव."

संगणकाच्या भाषेत याला चालू वेळी प्रकार तपासणं म्हणतात. गिरणी चालू आहे, गिऱ्हाईक समोर उभं आहे, अशा वेळी दळण जात्यात पडण्याआधी ते कोणत्या प्रकारचं आहे हे बघायचं. ही तपासणी फंक्शनच्या पहिल्याच ओळींत करायची असते. जावास्क्रिप्टनं त्यासाठी 'टाइपऑफ' नावाचा एक शब्द दिला आहे. त्याला वस्तू दाखवली की तो प्रकार सांगतो. ही संख्या, हा मजकूर, हे खरं-खोटं, हे तर दिलंच नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण हा साक्षीदारही पुरता भरवशाचा नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्या मुनीमजींना आकडे देवनागरीत लिहायची सवय. त्यांनी १२ असं मराठीत लिहिलं तर जावास्क्रिप्टला त्यातला आकडा ओळखता येत नाही. ती उत्तर देते 'नॅन', म्हणजे 'नॉट अ नंबर', संख्या नसलेली गोष्ट. आता या नॅनचा प्रकार टाइपऑफला विचारा. तो म्हणतो, संख्या! जिचं नावच 'मी संख्या नाही' असं आहे, तिच्या ओळखपत्रावर संख्या असं लिहिलेलं. ही नॅन ज्या हिशेबात शिरते तो सगळा हिशेब नॅन करून टाकते. वर ती मोठी चतुर आहे. वजन शून्यापेक्षा कमी आहे का, असं विचाराल तर उत्तर नाही. पाचशेपेक्षा जास्त आहे का? तेही नाही. म्हणजे 'शून्याखाली असेल किंवा पाचशेवर असेल तर अडव' असा पहारेकरी ठेवलात, तर ती त्याच्या नाकासमोरून निघून जाते.

तसंच जावास्क्रिप्टमध्ये रिकामेपण दोन प्रकारचं आहे. एक 'अनडिफाइन्ड', म्हणजे काही दिलंच नाही. दुसरं 'नल', म्हणजे जाणूनबुजून रिकामं ठेवलं. पहिलं बारात मिळवलं तर नॅन होते, दुसरं मिळवलं तर बाराच राहतात. आणि नलचा प्रकार विचारला तर टाइपऑफ सांगतो, 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू. ही पहिल्या आवृत्तीतलीच चूक आहे. ती सगळ्यांना माहीत आहे, पण जगातली असंख्य पानं तिच्यावर विसंबून असल्यामुळं ती तशीच ठेवली आहे. जुन्या घरातली उंबऱ्याची ठेच जशी सगळ्यांना पाठ असते, तसं.

म्हणून शहाणे लोक नुसत्या टाइपऑफवर थांबत नाहीत. २०१५ साली या भाषेच्या प्रमाणित आवृत्तीत 'नंबर डॉट इजफायनाइट' नावाची कसोटी आली. ती मजकूर घेत नाही, नॅन घेत नाही, अनंतही घेत नाही. खरीखुरी मोजता येणारी संख्या असेल तरच हो म्हणते. तिच्या आधीची त्याच नावाची जुनी कसोटी मात्र मजकुराचा गुपचूप आकडा करून मग हो म्हणते. नावं सारखी, इमान वेगळं.

लेकीनं मग काम दोन जागी वाटलं. दारावर एक फंक्शन ठेवलं. ते मुनीमजींनी लिहिलेला मजकूर घेतं. देवनागरी आकडे असतील तर ते समजून इंग्रजी आकड्यांत बदलतं. हा अंदाज नव्हे, ठरवून केलेली सोय आहे. चौकट रिकामी असेल तर तिथंच थांबवतं. आणि आत, मजुरी काढणाऱ्या फंक्शनच्या तोंडाशी तीन प्रश्न ठेवले. ही खरोखर संख्या आहे का? ती शक्य त्या मर्यादेत आहे का? तिन्ही डबे आले का? एकाचंही उत्तर नाही असेल तर हिशेब करायचाच नाही, चूक जाहीर करायची. प्रकार चुकला तर 'टाइपएरर', मर्यादा चुकली तर 'रेंजएरर', अशी त्या चुकांची वेगवेगळी नावंही भाषेत आधीपासून आहेत.

इथं एक बारीक गोष्ट सांगायला हवी. आकड्यांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. आधारचंच पाहा. देशातलं पहिलं आधार आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी रंजना सोनवणे यांना दिलं गेलं. आधारचा क्रमांक बारा आकडी. पण दोन माणसांच्या आधार क्रमांकांची बेरीज करून काय मिळणार? काहीच नाही. ते आकड्यांत लिहिलेलं नाव आहे. म्हणून तो प्रोग्राममध्ये मजकूर म्हणूनच ठेवावा आणि तपासणीही तशीच करावी. बाराच अंक आहेत का? पहिला अंक शून्य किंवा एक नाही ना? कारण आधार त्या अंकांनी सुरू होत नाही. आणि शेवटचा अंक? तो आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला राखणदार असतो. याकोबुस व्हरहूफ या डच गणितज्ञानं १९६९ साली ही रीत मांडली. लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर ही रीत ते हमखास पकडते. म्हणजे प्रकार ठरवताना 'दिसतं कसं' हे विचारायचं नाही, 'याचं करायचं काय' हे विचारायचं.

तुम्ही म्हणाल, एवढा पहारा चालू वेळीच कशाला? आधीच तपासून ठेवता येत नाही का? येतं. मायक्रोसॉफ्टनं २०१२ साली टाइपस्क्रिप्ट आणली. तिच्यात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची, यात संख्या, यात मजकूर. प्रोग्राम चालण्याआधीच ती सगळ्या चिठ्ठ्या जुळतात का हे पाहते आणि चूक दाखवते. फार उपयोगाची गोष्ट आहे. पण शेवटी तिची जावास्क्रिप्ट होते तेव्हा या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या असतात. छापण्याआधी मुद्रितं तपासावीत, तसं ते आहे. पथारीवर मुनीमजी उद्या काय लिहितील, हे मुद्रितं तपासणाऱ्याला कसं कळणार? बाहेरून येणारा माल दारावरच तपासावा लागतो. तो कोणी भरला आणि कशावर भरला, हे चिठ्ठीला ठाऊक नसतं.

पहारा काढून घेतल्यावर काय होतं, याचं मोठं उदाहरण जगानं पाहिलं आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियान-५ या अग्निबाणाचं पहिलं उड्डाण झालं. उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत तो आकाशात फुटला. त्याच्या दिशा-गती सांगणाऱ्या संगणकात ६४ बिटांची एक दशांश-संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती. तिथं ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. आलेली संख्या त्याहून मोठी निघाली. असा धोका असलेल्या सात राशींपैकी चार राशींना तपासणीचं संरक्षण दिलेलं होतं. संगणकावरचा भार कमी राहावा म्हणून तीन राशी तशाच सोडल्या होत्या. आधीच्या एरियान-४ मध्ये ती संख्या एवढी मोठी होणं शक्य नव्हतं, म्हणून ते चाललं. नवा अग्निबाण जास्त वेगाचा होता आणि प्रोग्राम जुनाच.

पण यातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चूक होताच तो संगणक सरळ बंद पडला. राखीव संगणकात तोच प्रोग्राम होता, तोही क्षणभर आधी त्याच कारणानं बंद पडलेला. बंद पडताना त्यानं आपल्या बिघाडाची माहिती पाठवली. मुख्य संगणकानं ती उड्डाणाचीच माहिती समजून वाचली आणि अग्निबाणाला भलतीकडं वळवलं. 'मी आजारी आहे' हा निरोप 'डावीकडं वळा' असा ऐकला गेला. म्हणजे नुसतं अडवून भागत नाही. अडवल्यावर काय करायचं आणि ते कोणाला कोणत्या भाषेत सांगायचं, हेही आधी ठरवावं लागतं.

लेकीच्या पहिल्या तपासणीत हाच दोष होता. एका बाईची चौकट रिकामी असली की सगळं पान अडून बसायचं आणि इंग्रजीत लाल अक्षरं यायची. चाळीस बाया खोळंबायच्या. मुनीमजी वैतागून रिकाम्या चौकटीत शून्य भरू लागले! पहारेकरी फार कटकट करतो म्हणून लोक मागच्या दारानं जायला लागले, तसं झालं. मग तिनं बदल केला. बाकीच्यांचा हिशेब होऊ द्यायचा आणि जिची नोंद अपुरी तिच्या नावापुढं मराठीत लिहून यायचं, 'सकाळचं वजन भरलेलं नाही. काम नसेल तर तसं निवडा.' आता शून्य लिहायचं तर कोणाला तरी ते जाणूनबुजून निवडावं लागतं.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. १२ ही संख्या आहे हे यंत्र पाहील, पण पोत्याचं वजन धरून बारा की वजा करून बारा, हे त्याला कळणार नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' मंगळाजवळ पोहोचून हरवलं, ते अशाच कारणानं. एका बाजूचा प्रोग्राम पाउंडाच्या मापात आकडे देत होता आणि दुसरी बाजू ते न्यूटनच्या मापातले समजत होती. संख्या म्हणून सगळं ठीक होतं. मापं जुळत नव्हती. माणसाची नजर सुटी घेऊ शकत नाही ती इथं.

मला यात नवं काही वाटलं नाही, याचं कारण गझल. तरुणपणी एका मैफलीत मी गझल वाचायला उभा राहिलो. मतल्याच्या पहिल्या दोन ओळी झाल्या आणि पुढं बसलेल्या एका बुजुर्गांनी हात वर केला. "मियाँ, थांबा. काफिया इथंच सुटला." तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं, त्यांनी मला पहिल्याच ओळीवर अडवलं, कुठं चुकलं ते सांगितलं आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. गप्प राहून वाहवा केली असती तर मी ती चूक सातही शेरांतून वाहून नेली असती.

जावास्क्रिप्टचा सांभाळून घेणारा स्वभाव मला वाईट वाटत नाही. पण सांभाळून घेण्याची किंमत कोण मोजतं, हे पाहायला हवं. यंत्रानं रिकाम्या जागी शून्य धरलं तेव्हा व्यापाऱ्याचं काही गेलं नाही, माझ्या लेकीचं काही गेलं नाही. गेलं ते उन्हात बसून देठ काढणाऱ्या बाईचं. म्हणून ज्यांच्या घरी संगणक शिकणारी मुलं आहेत त्यांनी त्यांना एवढं जरूर सांगावं की, दळण टाकण्याआधी डबा उघडून पाहा, आणि काही चुकीचं दिसलं तर स्पष्ट बोला.

त्या बाईला आम्ही पथारीवर नंतरही भेटलो. हिशेबाचं पान आता बरोबर चालतं. तरीही ती नोटा दोनदा मोजते. माझी लेक म्हणते, "अब्बा, ही शेवटची तपासणी. ती कोणी काढायची नाही."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)